रस्त्याकडेचे हिरवे कुंपण : वाहनांचा धूर अडवण्यासाठी झुडपे कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने लावावीत

वर्दळीच्या रस्त्याला लागून असलेल्या शाळांमध्ये, दवाखान्यांत आणि गृहनिर्माण संस्थांमध्ये दर पावसाळ्यात उत्साहाने रोपे लावली जातात. त्यांतली बरीचशी जगतातही, पण चार वर्षांनी मैदानावर उभे राहिले तर धूर पूर्वीइतकाच नाकात जातो. झाडांच्या निगेत काही कमी पडलेले नसते. चूक आधीच, जागा आणि रचना ठरवताना झालेली असते. झाड धूर ‘शोषून घेते’ या समजुतीवर सगळी आखणी केलेली असते आणि ती समजूत अपुरी आहे.

पानांवर धूळ बसते आणि काही वायू पर्णरंध्रांतून आत जातात हे खरे आहे. मात्र रस्त्यावरून दिवसभर बाहेर पडणाऱ्या धुरापुढे झुडपांच्या एखाद्या रांगेने पकडलेला हा वाटा फार लहान असतो. रस्त्याकडेच्या हिरवळीचे मुख्य काम आडोशाचे आहे. वाहनाच्या नळीतून निघालेला धुराचा झोत जमिनीलगत सरळ आपल्याकडे येतो. दाट कुंपण मध्ये आले की तो वर उचलला जातो, वरच्या हवेत मिसळतो आणि आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत विरळ होतो. त्यामुळे ‘किती झाडे लावली’ यापेक्षा ‘धुराची नळी आणि माणसाचे नाक यांच्यामध्ये जमिनीपासून वरपर्यंत फट नसलेले काही आहे का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुढचे सर्व टप्पे या एका प्रश्नावर उभे आहेत.

हे कुंपण काय करू शकत नाही, हेही आधी समजून घ्यावे. संपूर्ण शहरावर पसरलेले सूक्ष्म कण, म्हणजे दूरच्या बांधकामांची, कचरा जाळण्याची आणि कारखान्यांची पीएम २.५, ते कमी करत नाही. समोरच्या रस्त्यावरचा ताजा धूर, काजळी आणि चाकांनी उडवलेली धूळ एवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे, आणि तोही कुंपणामागच्या काही मीटरच्या पट्ट्यात, जमिनीलगत श्वास घेणाऱ्यांना. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला दोन मीटर उंचीच्या झुडपांचा लाभ होत नाही. सभेत ठराव मांडताना हे स्पष्ट सांगावे, म्हणजे दोन वर्षांनी ‘पैसे वाया गेले’ अशी तक्रार येणार नाही.

कामाचा क्रम मृगाच्या पावसापासून उलटा मोजावा. रोपे जूनच्या मध्यावर जमिनीत जायची असतील, तर चर एप्रिल-मेमध्ये खणून तयार हवा, परवानग्या मार्चपर्यंत हातात हव्यात आणि निरीक्षण डिसेंबर-जानेवारीत पूर्ण झालेले हवे. मे महिन्याच्या अखेरीस रोपवाटिकेत जाऊन हाताला लागतील ती रोपे आणणे, हीच बहुतेक फसलेल्या प्रयत्नांची सुरुवात असते.

टप्पा १ : आपला रस्ता कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवणे

रस्त्याच्या एका बाजूच्या इमारतीपासून समोरच्या इमारतीपर्यंतचे अंतर मोजावे आणि दोन्हीकडच्या इमारतींची सरासरी उंची काढावी. मजला साधारण तीन मीटरचा धरला तरी चालतो. दोन्ही बाजूंना सलग इमारती असतील आणि त्यांची उंची रस्त्याच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर तो रस्ता घळीसारखा आहे असे समजावे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता किंवा गिरगावातल्या अनेक गल्ल्या अशा आहेत. एका बाजूला तरी मोकळी जागा असेल, इमारती विखुरलेल्या असतील किंवा आपली वसाहत महामार्गाच्या कडेला असेल, तर रस्ता मोकळा आहे.

या दोन प्रकारांसाठी उपाय जवळजवळ उलटे आहेत. मोकळ्या रस्त्यावर उंच आणि जाड हिरवा पट्टा चांगले काम करतो. घळीसारख्या रस्त्यावर मात्र दोन्हीकडच्या मोठ्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडल्या की रस्त्यावर छप्पर तयार होते. खालचा धूर वर निघून जाण्याची वाट बंद होते, वरची स्वच्छ हवा खाली येत नाही आणि पदपथावरचे प्रदूषण कमी होण्याऐवजी वाढते. अशा ठिकाणी नवीन मोठी झाडे न लावता वाहने आणि पदपथ यांच्यामध्ये कमी उंचीचे दाट कुंपण करावे.

इशारा : याचा अर्थ अस्तित्वात असलेली झाडे तोडावीत असा कोणीही काढू नये. सावली, गारवा आणि पक्ष्यांचा आसरा यांचे मोल वेगळे आहे, आणि उभ्या झाडाच्या सावलीत चालणाऱ्या माणसाला एप्रिलमध्ये ते पुरेपूर कळते. प्रश्न फक्त नवीन लागवड कशी करावी एवढाच आहे.

टप्पा २ : नाके कुठे आहेत आणि वारा कुठून येतो

कागदावर आवाराचा ढोबळ नकाशा काढून माणसे जिथे बराच वेळ थांबतात त्या जागा खुणावाव्यात : मुलांचे मैदान, ज्येष्ठांची बाके, पहारेकऱ्याची चौकी, शाळेच्या बसची रांग. प्रत्येक जागेपुढे श्वासाची उंची लिहावी. लहान मुलाचे नाक जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते, म्हणजे जवळजवळ गाड्यांच्या धुराच्या पातळीला. मोठ्या माणसाचे दीड मीटरवर असते. कुंपणाची लांबी या जागांवरून ठरवावी. आवाराची हद्द कुठे संपते यावरून ठरवू नये.

वाऱ्याच्या बाबतीत एक चूक हटकून होते. लागवड जूनमध्ये होते, त्या वेळी पश्चिमेकडून जोराचा मोसमी वारा वाहत असतो आणि सगळे जण तोच गृहीत धरतात. प्रत्यक्षात आपल्याकडे हवा सर्वांत वाईट असते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, वारा मंद पडतो आणि सकाळच्या गर्दीचा धूर खालीच साचून राहतो. म्हणून निरीक्षण हिवाळ्यातच करावे. आठ-दहा दिवस सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी सात वाजता कुंपणाच्या नियोजित जागेवर उदबत्ती पेटवून धूर कुठे झुकतो ते वहीत लिहावे, एवढे पुरते. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वारा येतो, त्यामुळे दोन्ही वेळांची नोंद तिथे विशेष गरजेची आहे.

तपासणी : बहुतेक नोंदींत धूर आवाराकडून रस्त्याकडे जात असेल, तर त्या बाजूच्या कुंपणाचा लाभ मर्यादित राहील. पैसा दुसऱ्या बाजूला वापरावा.

पदपथाचाही विचार याच टप्प्यावर करावा, कारण पुढे तो विसरला जातो. कुंपणाच्या रस्त्याकडच्या अंगाला धूर थोडा अधिक साचतो. पदपथ रस्ता आणि कुंपण यांच्यामध्ये राहिला, तर आवारातल्या मुलांना मिळालेला दिलासा पदपथावरून चालणाऱ्यांच्या माथी जातो. शक्य असेल तिथे महापालिकेशी बोलून कुंपण पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेला घ्यावे. ही मागणी मान्य व्हायला वेळ लागतो, पण मान्य झाली तर शाळेत चालत येणारे मूलही सुरक्षित राहते. बसथांब्याच्या पाठीमागे लगेच उंच कुंपण करणे टाळावे.

टप्पा ३ : परवानग्या आणि जमिनीखालच्या वाहिन्या

आवाराच्या हद्दीत लागवड करायची असेल, तर संस्थेचा किंवा शाळा समितीचा लेखी ठराव पुरेसा असतो. हद्दीबाहेर एक फूट जरी जायचे असेल तरी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे : महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. महापालिकेच्या रस्त्यासाठी उद्यान विभागाकडे नकाशासह अर्ज करावा. जुन्या झाडाच्या फांद्या आड येत असतील तर त्या परस्पर तोडू नयेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी.

दुसरे काम जमिनीखालचे आहे. रस्त्यालगतच्या पट्ट्यात वीजकेबल, गॅसवाहिनी, जलवाहिनी, मलवाहिनी आणि फायबरच्या तारा असतात आणि संस्थेकडचे नकाशे बहुधा जुने असतात. संबंधित कंपन्यांना लेखी विचारावे आणि उत्तर आल्यावरही चर खणण्यापूर्वी दर दहा मीटरवर एक हातभर चाचणी खड्डा हाताने खणून पाहावा.

इशारा : चाचणी खड्डे पूर्ण होईपर्यंत जेसीबी आवारात आणू नये. गॅसवाहिनीच्या पिवळ्या खुणेचा दगड किंवा फीत दिसली, तर काम थांबवून कंपनीच्या माणसाला बोलवावे.

प्रवेशद्वाराजवळ आणखी एक बंधन पाळावे लागते. बाहेर पडणाऱ्या चालकाला पदपथावरचे मूल दिसले पाहिजे, म्हणून द्वाराच्या दोन्ही अंगांना तीन-चार मीटरपर्यंत झुडपांची उंची कमरेच्या खालीच ठेवावी.

टप्पा ४ : उंची, जाडी, लांबी आणि हिशेब

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये महामार्गालगतच्या हिरव्या पट्ट्यांसाठी किमान ५ मीटर उंची आणि सुमारे १० मीटर जाडी सुचवली आहे. आपल्या शहरांत एवढी जागा क्वचितच मिळते. त्या आकड्यांमागचे तत्त्व मात्र घ्यावे : पट्टा जितका उंच, जाड आणि सलग, तितका उपयोग अधिक, आणि जागा कमी असेल तर दाटपणात कसलीही तडजोड करू नये. सोसायटी किंवा शाळेसाठी पूर्ण वाढ झाल्यावर दीड मीटर जाडी आणि दोन ते अडीच मीटर उंची हे किमान लक्ष्य ठेवावे. मोकळ्या रस्त्याला लागून जागा असेल तर त्यामागे छोट्या सदाहरित वृक्षांची एक रांग घ्यावी.

आवाराला आधीच भरीव कुंपणभिंत असेल तर हिशेब बदलतो. भिंत स्वतःच हवेला वर ढकलते. भिंतीच्या उंचीपेक्षा खुजी झुडपे तिला लागून लावली, तर शोभा येते, धुरात फरक पडत नाही. झुडपे भिंतीच्या वर किमान एक मीटर गेली पाहिजेत. उलट भिंत लोखंडी जाळीची असेल, तर तिचा आडोसा शून्य धरावा आणि झुडपे जमिनीपासून दाट हवीत.

हवा कुंपणाच्या टोकांना वळसा घालून आत येते. म्हणून संरक्षित जागेच्या दोन्ही बाजूंना कुंपण काही मीटर पुढे न्यावे. तेवढी हद्द नसेल, तर टोके काटकोनात आतल्या बाजूला वळवावीत. पायी येण्याच्या छोट्या दारापाशी पडणारी फट सर्वांत त्रासाची असते, कारण तिथून हवा नळीतून यावी तशी जोराने आत शिरते. त्यावर आपल्या गडकिल्ल्यांच्या गोमुखी दरवाजाची रचना उपयोगी पडते : दारासमोर दीड-दोन मीटर आत कुंपणाचा एक आडवा तुकडा घ्यावा, म्हणजे माणूस वळून आत येईल आणि धुराचा झोत सरळ येणार नाही.

आता उदाहरणादाखल साठ मीटर लांबीचा हिशेब करू. दोन ओळी, ओळींत साठ सेंटिमीटर अंतर, ओळीतील रोपांत साठ सेंटिमीटर अंतर आणि दुसऱ्या ओळीची रोपे पहिल्या ओळीच्या रोपांमधल्या जागेसमोर, म्हणजे नागमोडी. प्रत्येक ओळीत साधारण शंभर, एकूण दोनशे रोपे लागतील. मर धरून दोनशे पंचवीस आणावीत आणि वरची पंचवीस पिशव्या बदलून आवारातच वाढवावीत. पुढच्या वर्षी फट पडली तर बाजारातले लहान रोप लावावे लागत नाही. चर १.२ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल धरला तर घनफळ ४३.२ घनमीटर येते, म्हणजे सुमारे सव्वापंधरा ब्रास. माती खाली बसते, म्हणून त्यात आठवा हिस्सा वाढवून मागणी नोंदवावी. उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला पाच लिटर धरले तर एका वेळेला एक हजार लिटर पाणी लागेल. हे पाणी एप्रिलमध्ये कुठून येणार, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेल्या वसाहतींनी ते पाणी यासाठी राखून ठेवावे.

टप्पा ५ : रोपांची निवड

निवडीच्या कसोट्या चार आहेत. झुडूप हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पानांनी भरलेले असावे. पळस, पांगारा, काटेसावर हे वृक्ष देखणे असले तरी नेमके त्याच काळात निष्पर्ण होतात. फांद्या जमिनीपासून फुटाव्यात. छाटणी सोसावी. पाने लहान, खरखरीत, लवदार किंवा ठळक शिरांची असली तर ती धूळ अधिक धरतात. मोठ्या गुळगुळीत पानांवरची धूळ वाऱ्याच्या एका झुळुकीने पुन्हा उडते.

कोयनेल हे जुन्या बंगल्यांच्या कुंपणाचे झुडूप आज दुर्लक्षित आहे, पण या कामासाठी मी ते सर्वांत आधी सुचवेन. ते सदाहरित आहे, खारी हवा आणि हलकी जमीन सोसते, छाटले की तळापासून दाट होते. अडुळसा फांदीच्या तुकड्यांपासून सहज येतो आणि त्याच्या पानांना शेळ्या-गाई सहसा तोंड लावत नाहीत; मात्र वेळेवर छाटला नाही तर खाली उघडा पडतो. मेंदी चिवट आहे, पण पाण्याचा ताण पडला की पाने गाळते. तगर अर्ध्या सावलीतही बरी वाढते.

कण्हेर धुळीला आणि कमी पाण्याला इतकी उत्तम टिकते की महामार्गांच्या दुभाजकांत ती सर्रास दिसते. परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. शाळा, अंगणवाडी आणि मुलांचे मैदान यांच्याजवळ ती लावू नये. कामिनी, जिला कुंती असेही म्हणतात, दाट आणि सुगंधी असली तरी संत्रा-मोसंबीवरच्या सिट्रस सायला या किडीला आसरा देते. नागपूर, अमरावती आणि जालन्याच्या फळबागांच्या परिसरात ती टाळावी. बोगनवेल फुलांनी बहरली की पाने विरळ होतात, म्हणून मुख्य ओळीसाठी ती योग्य नाही.

मागच्या वृक्षरांगेसाठी बकुळ आणि पुत्रंजीव उत्तम. दोन्ही सदाहरित, दाट आणि सावकाश वाढणारे आहेत. कोकणात उंडीही चालेल. लोंबत्या फांद्यांचा खोटा अशोक एका मीटरच्या अंतराने लावला तर अरुंद जागेत उंच पडदा मिळतो, मात्र त्याच्या पुढे झुडपांची ओळ हवीच.

टाळण्याची यादीही स्पष्ट असावी. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो म्हणून अनेकांनी लावला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सप्तपर्णीचा फुलोरा हिवाळ्याच्या तोंडावर येतो आणि श्वसनाचा त्रास असलेल्यांना तो उग्र वास सोसत नाही. गुलमोहर आणि पीतमोहोर वादळी पावसात मोडून पडतात. निलगिरीची पाने उन्हात जी द्रव्ये हवेत सोडतात, ती वाहनांच्या धुरातील वायूंशी मिळून ओझोन तयार व्हायला हातभार लावतात.

तपासणी : संपूर्ण कुंपण एकाच जातीचे करू नये. पिठ्या ढेकूण एकदा शिरला की सगळी ओळ जाते. दोन किंवा तीन जाती घ्याव्यात, पण एकाआड एक लावू नयेत, कारण वेगवान जात मंद जातीला दाबून टाकते; दहा-दहा मीटरचे सलग तुकडे करावेत.

टप्पा ६ : चर आणि माती

रस्त्यालगतची जमीन बहुतेक ठिकाणी माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि वर सहा इंच लाल माती असा थर असतो. अशा जागी एक-एक फुटाचे सुटे खड्डे घेतले तर मुळे खड्ड्यातच गोल फिरतात आणि तिसऱ्या वर्षी वाढ खुंटते. म्हणून खड्ड्यांऐवजी सलग चर घ्यावा. भिंतीच्या पायापासून किमान साठ सेंटिमीटर अंतर सोडावे.

निघालेला राडारोडा बाहेर न्यावा. चराचा तळ कुदळीने उकरून सैल करावा आणि एक बादली पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले तर निचरा नाही. काळ्या चिकण जमिनीत हे नेहमी होते. तिथे तळाशी चार बोटे खडी किंवा जाड मुरूम घालून चराला एका बाजूला उतार द्यावा. भरावासाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि प्रत्येक रोपामागे मूठभर निंबोळी पेंड पुरते. चर मेच्या मध्यापर्यंत भरून, दोनदा पाणी देऊन बसू द्यावा.

इशारा : ताजे शेण घालू नये. त्याने हुमणी येते आणि रोपाच्या मुळाशी उष्णता धरते.

टप्पा ७ : लागवड

पहिल्या सरीला घाई न करता दोन-तीन चांगले पाऊस पडून चर खोलवर भिजल्यावर ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लागवड करावी. रोप फार उंच असणे हा गुण नाही. पाच फूट उंच पण खाली काडी असलेल्या रोपापेक्षा दोन फुटांचे, तळापासून तीन-चार फांद्या फुटलेले रोप घ्यावे. रोपवाटिकेत एक-दोन पिशव्या सोडवून मुळे पाहावीत; तळाशी मुळांचे वेटोळे झाले असेल तर तो गठ्ठा नाकारावा.

लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढावी. हे सांगण्याची गरज नसावी, पण एका आवारात वाळलेली चाळीस रोपे उपटली तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक रोपांना पिशवी तशीच होती. कंत्राटदाराच्या माणसांनी फक्त तळ फाडला होता. म्हणून रिकाम्या पिशव्या मोजून परत घेण्याची अट घालावी : रोपे दोनशे तर पिशव्या दोनशे. रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर बसवावे, खोडाभोवती मातीचा ढीग करू नये. भोवतीची माती पायाने हलके दाबून लगेच पाणी द्यावे आणि चार बोटे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नये.

तपासणी : लागवड संपल्यावर रस्त्याच्या बाजूने गुडघ्यावर बसून आत पाहावे. प्रवेशद्वार, खांब, पाण्याची टाकी यांमुळे जिथे एक मीटरपेक्षा मोठी फट राहिली असेल, ती त्याच आठवड्यात भरावी.

टप्पा ८ : पहिली दोन वर्षे

सर्वांत अधिक कुंपणे इथे बिघडतात, आणि बिघाड पाण्यापेक्षा कात्रीने होतो. झुडूप लवकर उंच व्हावे म्हणून दोन वर्षे छाटणी टाळली जाते. परिणामी ते वर वाढते, खाली काड्या उरतात, आणि नेमक्या गाड्यांच्या धुराच्या उंचीवर खिडकी उघडी राहते. लागवडीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नवी फूट दिसली की प्रत्येक झुडपाचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा. मन धजत नाही, तरी छाटावा. नवी फूट वीतभर वाढली की पुन्हा टोके खुडावीत. पहिल्या वर्षात असे तीन वेळा केले तर तळ भरतो; उंचीची घाई दुसऱ्या वर्षापासून करावी.

छाटणीचा आकार तळाशी रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवावा. माळी सवयीने दोन्ही बाजू सरळ उभ्या कापतात, किंवा वरचा भाग फुगू देतात. मग खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती गळतात. मोठी छाटणी जूनमध्ये करावी. ऑक्टोबरनंतर कात्री फक्त रस्त्यात आलेल्या फांदीपुरती वापरावी, कारण हिवाळ्यात एकेक पान कामाचे असते. वृक्षरांगेच्या खालच्या फांद्या ‘मोकळे दिसावे’ म्हणून कापू नयेत. बकुळ तळापर्यंत भरलेली ठेवली तरच तिचा पडदा होतो.

पावसाळा संपला की पहिल्या वर्षी एक दिवसाआड आणि दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे. ऑक्टोबरचे ऊन अनेकांना फसवते. पाऊस नुकताच संपलेला असतो म्हणून पाणी सुरू होत नाही आणि तीन आठवड्यांत रोपे मान टाकतात. ठिबकची नळी घातली असेल तर महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रिपर चालतो का ते पाहावे. दिवाळीच्या आसपास एकदा आणि फेब्रुवारीत एकदा संपूर्ण ओळ चालत तपासून मेलेल्या रोपांची जागा राखीव रोपांनी भरावी. दोनशेत दहा फटी म्हणजे पाच टक्के नुकसान असा हिशेब मांडू नये. सलग तीन रोपे गेली तर त्या ठिकाणी कुंपण उरतच नाही.

टप्पा ९ : धूळ आणि कचरा

पानांवर बसलेली धूळ तिथे कायमची राहत नाही. नोव्हेंबर ते मे या काळात महिन्यातून दोनदा सकाळी लवकर बारीक फवाऱ्याने पाने धुवावीत, तेही वरून खाली आणि रस्त्याच्या बाजूने. जोराच्या धारेने पाने फाटतात. दुपारच्या उन्हात धुऊ नये. रस्ता झाडणाऱ्यांनी लोटलेली धूळ झुडपांच्या बुंध्याशी साचू देऊ नये, ती उचलून न्यावी. छाटलेला पाला जाळला तर जो धूर अडवायचा तोच आवारात तयार होतो. तो कुजवून पुन्हा याच चरात आच्छादन म्हणून वापरावा, भाजीच्या वाफ्यात घालू नये.

इशारा : या पट्ट्यात कढीपत्ता, तुळस, गवती चहा अशी खाण्याची झाडे लावू नयेत आणि इथला अडुळसा काढ्यासाठी नेऊ नये. त्या पानांवर ब्रेक आणि टायर झिजून उडालेली धूळ असते.

टप्पा १० : फरक पडला का, ते मोजणे

लागवडीआधीचा आकडा आणि तीन वर्षांनंतरचा आकडा यांची तुलना करू नये, कारण दरम्यान वाहतूक, हवामान, शेजारचे बांधकाम सगळेच बदललेले असते. एकाच वेळी कुंपणाच्या पुढे आणि मागे मोजावे. पीएम २.५ दाखवणारी दोन सारखी छोटी यंत्रे घ्यावीत. सुरुवातीला दोन्ही तीन दिवस एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्या आकड्यांत किती फरक येतो ते नोंदवावे. तेवढी तफावत पुढे प्रत्येक नोंदीत दुरुस्त करावी. मग एक यंत्र रस्त्याच्या बाजूला आणि दुसरे कुंपणामागे तीन मीटरवर, दोन्ही एक मीटर उंचीवर, सावलीत आणि पावसापासून झाकून ठेवावे. हवेत दमटपणा खूप असला की अशी यंत्रे कण फुगवून दाखवतात, म्हणून पावसाळ्यातल्या आणि दाट धुक्यातल्या नोंदी सोडून द्याव्यात.

नोंदी वाचताना शहराची एकूण पातळी डोळ्यांसमोर ठेवावी; जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर मिळतो. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. समजा शहराचा आकडा ७०, कुंपणापुढे ९५ आणि मागे ८२ आला. रस्त्याने वर घातलेली भर २५ ची होती, त्यातली १३ कुंपणाने कमी केली, म्हणजे त्याने त्याचे निम्मे काम केले, असे हे वाचायचे. ९५ आणि ८२ एवढेच पाहणारा निराश होतो. मागचा आकडा पुढच्याइतकाच येत असेल, तर आधी गुडघ्याच्या उंचीवर फटी शोधाव्यात, मग टोके पाहावीत आणि त्यानंतर शाळा सुटण्याच्या वेळी कुंपणाच्या आतल्या बाजूला इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजाव्यात. त्या गाड्या आत उभ्या असतील, तर कुंपण त्यांचा धूर मैदानातच अडवून धरते. त्यांची थांबण्याची जागा बाहेर हलवल्याखेरीज पुढची मोजणी करू नये.